गंगाजळी किती, आणि त्यातली आपली किती?

अगं, खजिनदार झालीस म्हणे! सर्वसाधारण सभेत कुणी हात वर करेना, सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या आणि तू ‘बरं, बघते’ म्हणून बसलीस. असंच झालं ना? खजिनदार असेच होतात बघ. हौसेने झालेला मी तरी अजून पाहिला नाही. आणि आता घरी येऊन ती दोरी बांधलेली फाईल, पासबुकं आणि एफडीच्या पावत्यांचा लिफाफा समोर पसरून डोळ्यांत पाणी आणून बसली आहेस. वाचनालय शंभरी ओलांडलेलं. आपल्या हातून बुडालं तर?

नाही बुडत. आधी चहा ठेव, मग ऐक. वाचनालय चालवणारी संस्था एखाद्या खजिनदाराच्या बेरजेतल्या चुकीने बुडत नाही. बेरीज सीए दुरुस्त करतो, त्याचेच त्याला पैसे देतो आपण. संस्था खंगते ती सावकाश, आणि तेही बँकेत बऱ्यापैकी पैसे दिसत असताना. म्हणून तुला एकच गोष्ट शिकवणार आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं: बँकेत आहेत त्यातले आपले किती, आणि तेवढ्यावर किती महिने दार उघडं राहील? हे तुला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

पासबुकं बाजूला ठेव. त्यांनी उगीच जीव तरी मोठा होतो नाहीतर छोटा. त्याऐवजी मागच्या दहा वर्षांचे ऑडिट रिपोर्ट शोध. आपली संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, म्हणजे 1950 च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे दर वर्षी परिशिष्ट आठमध्ये ताळेबंद आणि परिशिष्ट नऊमध्ये उत्पन्न-खर्चाचं पत्रक झालेलंच असणार. कपाटात नसतील तर सीएकडे असतील, त्याच्याकडेही नसतील तर जुन्या सचिवांच्या माळ्यावर. लाजू नकोस, जा आणि घेऊन ये. मग एक मोठा कागद घे आणि रकाने पाड: वर्ष, जमा, खर्च, वाढावा की तूट, आणि वर्षअखेरीला राहिलेली गंगाजळी. दहा वर्षं, दहा ओळी. कॉम्प्युटरवर करायचं तर कर, पण पहिल्यांदा हाताने लिही, बोटांना कळतं.

त्या दहा ओळींत काय दिसेल ते आधीच सांगते. एखाद्या वर्षी जमेला मोठा फुगवटा दिसेल. शताब्दी असेल, कुणाच्या तरी स्मरणार्थ मोठी देणगी असेल किंवा आमदार निधीतून खोली बांधली असेल. त्यानंतर काही वर्षं सगळे निर्धास्त. आणि मग दर वर्षी पंधरा हजार, वीस हजार अशी बारीक बारीक तूट. एकेका वर्षाचा ताळेबंद हातात असताना ती कुणाला बोचत नाही. सभेत ‘किरकोळ तूट आहे’ म्हणतात, टाळ्या होतात, चहा येतो. दहा ओळी एकाखाली एक आल्या की तीच तूट डोळ्यांवर येते.

आणि ती का येते तेही बघ. आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी अनुदानाचा. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड असे वर्ग पाडून ते मिळतं. 2012 नंतर त्यात पुढची वाढ व्हायला दहाएक वर्षं गेली. वाढ झाली ती घसघशीत, 60 टक्के. पण ‘ड’ वर्गाचं उदाहरण घे, वर्षाचे 30,000 होते ते 48,000 झाले. म्हणजे महिन्याला 4,000 रुपये. त्यात ग्रंथपाल, वीज, वर्तमानपत्रं, पुस्तकं, झाडलोट! अनुदान दहा वर्षांतून एकदा वाढतं, वीजबिल आणि वर्तमानपत्राचं बिल कुणाची परवानगी घेऊन वाढत नाही. मधली जी खिंड राहते ती आपली वर्गणी, देणग्या, सभागृहाचं भाडं, दिवाळी अंकांची योजना आणि रद्दी यांनी भरायची. ती भरली नाही की गंगाजळीतून जातं, आणि गेलं ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आता या वर्षाचा ताळेबंद घे. माझ्यासमोर नाही, म्हणून आकडे मी मनाचे धरते, तू तुझे घाल. समज, बँकेत एफडी धरून 11,40,000 आहेत. वाचून बरं वाटलं ना? थांब. डाव्या बाजूला, देण्यांच्या आणि निधींच्या रकान्यात बघ. इमारत निधी 4,50,000. तो लोकांनी इमारतीसाठी दिलाय, त्यातून पगार करायचा नाही. कायम निधी आणि स्मृतिनिधी मिळून 2,60,000. त्यांचं व्याज तेवढं आपलं, मुद्दल नाही. सभासदांची अनामत 1,70,000. ती सभासदांची, उद्या कुणी वर्गणी बंद करून मागितली तर परत द्यायची. पुढच्या वर्षाची आगाऊ आलेली वर्गणी 20,000. शेजारणीने गावाला जाताना ठेवायला दिलेले दागिने कपाटात असले म्हणून आपण ते लग्नाला घालून मिरवत नाही, तसंच हे. सगळं वजा केलंस की राहतात 2,40,000.

आणि महिन्याचा खर्च किती? वर्षाचा पत्रकातला खर्च घे, त्यातून घसारा काढून टाक कारण तो रोख जात नाही, आणि बाराने भाग. समज 40,000 आले. मग 2,40,000 म्हणजे सहा महिने. बघ, अकरा लाख चाळीस हजारांची संस्था प्रत्यक्षात सहा महिन्यांची निघाली. घाबरू नकोस, सहा महिने हे काही वाईट नाही. पुष्कळ ठिकाणी हा हिशेब केला तर दीड महिना निघतो आणि कार्यकारिणीत कुणाला पत्ता नसतो.

ही अनामत मला कशी कळली माहितीये? पहिल्या वर्षी मी ती उत्पन्नात धरली, भरघोस वाढावा दाखवला आणि वर पेढे वाटले. पेढ्यांचं बिल तेवढं खरं होतं.

मग किती महिन्यांची गंगाजळी असावी? सगळेच तीन ते सहा महिने म्हणतात, तेही अंदाजानेच. ज्यांचं उत्पन्न महिन्याच्या महिन्याला येतं त्यांना तीन पुरतात. आपलं तसं नाही. अनुदान हप्त्यांनी येतं. पहिला हप्ता बहुधा पावसाळा सरल्यावर, दुसरा मार्चच्या तोंडावर. आणि पगार मात्र एप्रिलपासून दर महिन्याला. एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने कसे काढायचे हाच आपल्या संस्थांचा खरा प्रश्न असतो. म्हणून तू सहा महिने डोळ्यांसमोर ठेव. आज दोनच असतील तर रडू नकोस, दर वर्षी पंधरा-वीस दिवसांची भर घाल. पाच वर्षांत कुठे पोचशील बघ. तोवर तू खजिनदार नसशील, पण जी असेल ती तुझं नाव काढेल.

आणखी एक बघ, अडचण आली की कर्ज काढू, असं आपल्याला चालत नाही. सार्वजनिक न्यासाला कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, जागा विकायची तरी लागते. पगार पुढच्या सोमवारी द्यायचा असतो, परवानगी काही पुढच्या सोमवारी येत नाही. म्हणून आपली उसनवारी आपल्याच गंगाजळीतून.

मार्च 2020 आठव. वाचनालयांना कुलूप लागलं ते थेट ऑक्टोबरच्या मध्यावर उघडलं. सभासद घरात, वर्गणी कोण भरणार? सभागृह बंद, भाडं शून्य. पण ग्रंथपालाच्या घरी दूध रोज लागतंच ना गं. ज्या संस्थांकडे चार-सहा महिन्यांचं होतं त्यांनी पगार दिले. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं, आणि माणसं गेली. वीस वर्षं पुस्तकांच्या जागा पाठ असलेला माणूस गेला की तो पुन्हा जाहिरात देऊन मिळत नाही.

आता तुझ्या कार्यकारिणीकडे वळू. तिथे दोन प्रकारची माणसं असणार. एक म्हणणार, ‘एवढा पैसा पडून आहे, कशाला साठवताय, आयकरवाले पकडतील.’ दुसरं म्हणणार, ‘गंगाजळीला हात लावायचा नाही म्हणजे नाही’, मग छप्पर गळो की ग्रंथपाल उपाशी राहो. दोघांनाही मान दे, दोघांनाही ऐकून घे, आणि दोघांचंही ऐकू नकोस.

पहिल्याला काय सांगायचं? आयकर खात्याने धर्मादाय संस्थेला शिल्लक ठेवायला मनाई केलेली नाही. नोंदणी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के हेतूसाठी खर्च करायचे, 15 टक्के बिनशर्त शिल्लक टाकता येतात. त्याहून जास्त ठेवायचे असतील, म्हणजे समज तीन वर्षांनी छप्पर नवीन करायचंय, तर कारण नेमकं लिहून, ठराव करून, वेळेत फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत साठवता येतात. आणि देणगीदाराने ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी दिलं तर ती रक्कम या हिशेबात धरायची नाही, पण मग ती वेगळी गुंतवून वेगळीच दाखवायची. तोंडी सांगितलेलं चालत नाही हं. पत्र घे, पावतीवर लिही. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे आकडे आणि फॉर्म बदललेत, तेव्हा नंबर पाठ करत बसू नकोस. ते सीएचं काम. तू फक्त त्याला मार्चच्या आधी फोन कर. मार्च संपल्यावर केलास तर तो फक्त सुस्कारा टाकेल.

दुसऱ्याला, त्या ‘हात लावू नका’वाल्याला, कागद दाखव. नियम लिहून ठेवला की माणसं शांत होतात. ठराव असा कर: चालू खर्चाची गंगाजळी इतक्या महिन्यांची असेल, अनुदान लांबलं किंवा अचानक संकट आलं तरच ती वापरायची, एका ठरावीक रकमेपर्यंत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार मिळून ठरवतील, त्यावर कार्यकारिणी, वापरली की अनुदान आल्याबरोबर आधी ती भरायची, मग बाकीचं. आणि कुठल्याही पदाधिकाऱ्याला, कितीही सज्जन असला तरी, संस्थेचे पैसे हातउसने द्यायचे नाहीत. ‘आठवड्यात परत करतो’ म्हणणारा माणूस चांगलाच असतो गं, पण त्याने आयकराची सूट धोक्यात येते आणि त्याच्याशी बोलणंही बंद होतं.

छपरावरून आठवलं. पत्रकात घसारा दाखवतात ना, कपाटांचा, पंख्यांचा, इमारतीचा, तो कागदावरच राहतो. दर वर्षी घसारा लिहायचा आणि पैसे मात्र चालू खर्चात उडवायचे, मग पंधरा वर्षांनी छप्पर गळायला लागलं की पुस्तकांवर प्लॅस्टिक टाकून देणगीसाठी दारोदार फिरायचं. तसं करू नकोस. लहानसा का होईना, दुरुस्ती निधी वेगळा काढ. वर्षाला दहा हजार निघाले तरी चालतील. पगाराची गंगाजळी वेगळी, दुरुस्तीची वेगळी. एकत्र ठेवलीस तर रंगकाम नेहमी जिंकतं, कारण रंग सगळ्यांना दिसतो.

आता तुझ्या कपाटातल्या त्या जुन्या पाट्या. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ उत्कृष्ट वाचक पुरस्कार’. 1978 साली कुणी पाच हजार दिले असतील. तेव्हा ती मोठी रक्कम होती, व्याजातून पुस्तकांचा संच, शाल, श्रीफळ आणि वर पेढ्यांचा पुडा व्हायचा. आज 6 टक्क्यांनी त्याचे वर्षाला 300 रुपये येतात. त्यात शाल तर सोड, धड फ्रेमसुद्धा येत नाही. आणि प्रमाणपत्र छापायला 150. तरी आपण ते पारितोषिक दर वर्षी देतो, वरचे पैसे चालू खर्चातून घालून. असे पाच-सहा निधी असले की तेही एक छिद्रच झालं की नाही?

यात देणगीदाराचा दोष नाही, आपलाही नाही. कायम निधी म्हणजे कायम तेवढाच, आणि भाव काही कायम नसतात. महागाई 6 टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. वर व्याजाचे दरही पडतात. 2013 च्या सुमाराला स्टेट बँकेत मुदतठेवीला 9 टक्क्यांच्या आसपास मिळत होतं, 2020 अखेरीला लांब मुदतीला 5.4 टक्के. म्हणजे दहा लाखांचा निधी असला तर वर्षाचे 90,000 यायचे ते 54,000 वर आले, आणि त्याच काळात पगार वाढायचे ते वाढलेच. ज्या संस्थांनी ‘व्याजावर पगार भागतोय’ म्हणून वर्गणी वाढवली नाही, त्यांची तेव्हा चांगलीच तारांबळ उडाली.

मग करायचं काय? एक, सगळं व्याज खाऊ नकोस. व्याजातला तिसरा हिस्सा दर वर्षी मुद्दलात परत घाल, म्हणजे निधी निदान महागाईच्या मागे मागे तरी चालेल. दोन, यापुढे कुणी स्मृतिनिधी द्यायला आलं तर किमान रक्कम ठरवून सांग. त्यात संकोच कसला? आणि पत्रातच लिहून घे की व्याजातून पारितोषिक परवडेनासं झालं तर कार्यकारिणीला स्वरूप बदलता येईल. तीन, जुन्या निधींच्या कुटुंबीयांना जाऊन भेट. पैसे मागायला म्हणून जाऊ नकोस, हिशेब दाखवायला जा. ‘तुमच्या आजोबांच्या नावाने आजवर एवढ्या मुलांना पारितोषिकं दिली, आता व्याज इतकं येतं.’ खरं सांगू का, बहुतेकांना कुणी पन्नास वर्षांत हिशेब दाखवलेलाच नसतो. त्यांनाच इतकं बरं वाटतं की भर घालण्याचा विषय तेच काढतात. नाही काढला तर चहा पिऊन ये, काही बिघडत नाही.

पैसे ठेवायचे कुठे, हा मोठा प्रश्न. कार्यकारिणीत कुणीतरी एखाद्या पतसंस्थेचा संचालक असतोच. तो म्हणणार, ‘आमच्याकडे ठेवा, दीड टक्का जास्त देतो.’ गोड बोलून नाही म्हण. धर्मादाय कायदा आणि आयकर दोघांनीही पैसे कुठे गुंतवायचे याची यादी दिली आहे, तिच्याबाहेर गेलीस की सुटीवर पाणी. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला विमा नसतो. बँकेतल्या ठेवीला असतो. फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत. त्याआधी तर फक्त 1 लाख होता.

बँकांचंही सगळं आलबेल असतं असं नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये परवानाच रद्द झाला. एवढी वर्षं लोक आपल्याच पैशांसाठी थांबले. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब-महाराष्ट्र बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ज्या संस्थेचं सगळं काही तिथेच होतं, तिने त्या महिन्याचा पगार कुठून दिला असेल? म्हणून सगळं एका ठिकाणी ठेवू नकोस. दोन बँका घे, त्यातली एक मोठी राष्ट्रीयीकृत. जवळची शाखा, ओळखीचा मॅनेजर, सगळं खरं. पण ओळखीवर व्याज मिळत नाही आणि मुद्दलही सुटत नाही.

आणि एकच मोठी एफडी करू नकोस. चाळीस-चाळीस हजारांचे तुकडे कर आणि एप्रिल, मे, जून अशा एकेका महिन्यात त्यांची मुदत संपेल असं बघ. अनुदान आलं नाही तर त्या महिन्याचा पगार त्या एफडीतून. आलं तर तीच पुन्हा पुढच्या वर्षासाठी. यात काही मोडावं लागत नाही, व्याज बुडत नाही आणि तुझी झोपही उडत नाही. सगळ्या पावत्या संस्थेच्याच नावावर आणि संस्थेच्याच पॅनवर आहेत ना, ते बघून घे. पॅन जोडलेला नसेल तर बँक व्याजावर 20 टक्के टीडीएस कापते. कापलेला टीडीएस परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. तुझ्या त्या लिफाफ्यात असे न मागितलेले पैसे निघतीलच, लावतेस पैज?

बाकी तारखांचं काय, तर त्या कॅलेंडरवर लिहून टाक आणि मोकळी हो. हिशेब 31 मार्चला बंद, ऑडिट त्यानंतर सहा महिन्यांच्या आत. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक वर्ष सुरू व्हायच्या महिनाभर आधी, म्हणजे फेब्रुवारीत. नवी कार्यकारिणी निवडून आली, तर बदल अहवाल 90 दिवसांत. तुझ्या निवडीचाही द्यायचाय, सचिवांना आजच आठवण कर. देणगीवर सूट देत असाल तर देणगीदारांचं विवरण 31 मेपर्यंत. आणि रोख देणगी 2,000 च्या वर असली तर देणाऱ्याला सूट मिळत नाही, हे पावती फाडताना त्याला हसत सांग, नंतर तो रागावून येण्यापेक्षा.

आणि दर महिन्याच्या बैठकीत एक पान ठेव. एकच, हं. मी सुरुवातीला सात पानांचे तक्ते न्यायचे, लोक त्यावर बिस्किटं ठेवायचे. पानावर चारच ओळी: या महिन्याची जमा, खर्च, आपले म्हणावेत असे किती उरले, आणि त्यावर किती महिने. चौथा आकडा मोठ्या अक्षरात. तीन-चार बैठकांनंतर बघ, माणसं आपणहून विचारायला लागतील, ‘मागच्या वेळी साडेपाच होते, आता पाच का?’ हे विचारलं गेलं की तुझं अर्धं काम झालं. मग वर्गणी वीस रुपयांनी वाढवायचा विषय काढलास तरी कुणी अंगावर येणार नाही. दहा वर्षं वर्गणी न वाढवणं म्हणजे सभासदांवर प्रेम, असं पुष्कळांना वाटतं. ग्रंथपालाच्या पगारातून केलेलं प्रेम आहे ते, हे त्या पानावरून आपोआप दिसतं. तुला भांडावं लागत नाही.

आता शेवटचं, आणि हे मात्र विनंती म्हणून सांगत नाही. कोऱ्या चेकवर सही करायची नाही. ‘ताई, तुम्ही गावाला चाललात, दोन चेक सही करून ठेवा’ असं सचिव म्हणतील, आणि ते देवमाणूस असतील. तरी नाही. मोबाईलवर ओटीपी मागतील, तोही नाही. गावाला जायच्या आधी पगाराचे चेक नाव, रक्कम, तारीख घालून दोघांच्या सहीने तयार कर, व्हाउचर लाव आणि जा खुशाल.

तू घर चालवतेस, मुलांच्या फीचे हप्ते, सासऱ्यांची औषधं, सगळं महिन्याच्या आकड्यात बसवतेस. हा हिशेब त्याहून अवघड नाही, फक्त त्यात पंचवीस जणांची मतं असतात. तेव्हा ऊठ, सीएला फोन कर आणि दहा वर्षांचे रिपोर्ट मागव. रविवारी तो कागद घेऊन ये, आपण दोघी बसून भागाकार करू. दीड महिना आला तरी ये. तेव्हा तर आधी ये.